न्यायासनापुढचे देव : हिब्रू शास्त्रातला दैवतांचा झगडा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

हिब्रू शास्त्र म्हणजे ज्यूंचा तनाख, आणि थोड्या वेगळ्या क्रमाने ख्रिस्ती बायबलमधला जुना करार. उत्साहाने पहिल्या पानापासून सुरुवात करणारे बहुतेक जण लेवीयच्या अर्पणविधींपाशी दमतात आणि पुस्तक मिटतात. तुम्हाला त्यातला दैवतांचा झगडा समजून घ्यायचा असेल, म्हणजे बआल कोण, दागोन कोण, इस्राएलचा देव त्यांच्याशी कशावरून भांडतो, तर सलग वाचन सोडून द्या. खाली मी सात-आठ उताऱ्यांची एक वाट दिली आहे. रोज एक वाचला तरी आठवड्याभरात हाती बरंच लागेल.

मनात एकच गोष्ट पक्की ठेवून निघा. इतर देव खरे की खोटे, हा प्रश्न आपण आपल्या डोक्यात घेऊन जातो. या ग्रंथातले कितीतरी उतारे त्याच्या वाटेलाही जात नाहीत. त्यांचा सवाल वेगळा आहे : गरिबाच्या बाजूने निकाल कोण देतो? देवांची परीक्षाही तिथेच होते आणि राजांचीही.

आधी पुस्तक हातात घ्या

बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' कुठेही मिळतं, मोबाइलवरही आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं, तर तेही जवळ असू द्या. दोन भाषांतरं शेजारी ठेवली की अडचणीच्या ओळी आपोआप कळतात, कारण नेमक्या तिथेच ती वेगळं बोलतात.

संदर्भ शोधताना गोंधळ होऊ नये म्हणून : मराठी बायबलात मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद' आहे. 'शास्ते' म्हणजे राजे होण्याआधीच्या पुढाऱ्यांचं पुस्तक. आणि जिथे 'परमेश्वर' छापलेलं दिसेल, तिथे मूळ हिब्रूत बहुतेक वेळा यहोवा किंवा याव्हे असं उच्चारलं जाणारं चार अक्षरी विशेषनाम असतं. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचा सगळा झगडा हरवतो. कमोश हे जसं एका देवाचं नाव, तसंच हेही नाव, निदान शेजाऱ्यांच्या कानाला तरी.

पहिला उतारा : स्तोत्र ८२

फक्त आठ ओव्या आहेत, पण सुरुवात इथूनच करा. मोठ्याने वाचा. देवांची सभा भरली आहे. एक देव उभा राहतो आणि बाकीच्यांवर आरोप ठेवतो. आरोप काय आहे ते नीट बघा. तुम्ही खोटे आहात, दगडाचे आहात, असं तो म्हणत नाही. तो विचारतो की तुम्ही कुठवर वाकडा न्याय कराल, कुठवर दुष्टांची बाजू घ्याल. दुबळा, पोरका, गांजलेला यांची सुटका करणं हे तुमचं काम होतं आणि ते तुम्ही केलं नाही. म्हणून पृथ्वीचे पाये डळमळले. मग शिक्षा सुनावली जाते : तुम्ही देव आहात, परात्पराचे पुत्र आहात, तरी माणसांसारखे मराल.

ज्यू परंपरेतल्या बऱ्याच जुन्या भाष्यकारांनी इथल्या 'देवांना' माणसं मानलं आहे, म्हणजे इस्राएलचे न्यायाधीश. ती वाचनपद्धत जुनी आहे आणि तिला स्वतःची कारणं आहेत. मला मात्र ती सातव्या ओवीपाशी अडखळते. आधीच माणूस असलेल्याला 'तू माणसासारखा मरशील' ही शिक्षा कशी काय होईल? तुम्ही दोन्ही अर्थ लावून पाहा आणि स्वतः ठरवा. गंमत म्हणजे कोणताही अर्थ घेतला तरी आरोपपत्र तेच राहतं.

मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहातल्या नोंदीप्रमाणे यरुशलेमच्या मंदिरात लेवी, म्हणजे मंदिराचे सेवेकरी, हे स्तोत्र दर मंगळवारी गात असत. म्हणजे हा कोपऱ्यात पडलेला विचित्र तुकडा नव्हता.

मग अनुवाद ३२, ओवी ८ आणि ९

स्तोत्रातल्या त्या सभेला हे देव आले कुठून, याचं उत्तर इथे मिळतं. परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटली, सीमा आखल्या, आणि याकोब, म्हणजे इस्राएल, परमेश्वराच्या वाट्याला आला. सीमा कोणाच्या संख्येनुसार आखल्या? रूढ हिब्रू पाठ म्हणतो 'इस्राएलच्या पुत्रांच्या'. जुन्या ग्रीक भाषांतरात 'देवदूतांच्या' असं येतं. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांमध्ये सापडलेल्या एका तुकड्यावर मात्र 'देवाच्या पुत्रांच्या' असं वाचता येतं, आणि आज बहुतेक अभ्यासक तोच पाठ जुना मानतात. एक राष्ट्र, एक दैवत, अशी ही वाटणी आहे. ग्रामदैवताची शीव ज्याने गावाकडे पाहिली आहे, त्याला ही कल्पना लगेच उमगेल.

या टप्प्यावर उत्तर सीरियातल्या उगारितची थोडी ओळख हवी. १९२८ साली रास शाम्रा इथे एका शेतकऱ्याच्या नांगराला थडगं लागलं आणि पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं. त्यातून ख्रिस्तपूर्व १३००-१२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांत 'एल' हा देवसभेचा वडील आहे, अथिरत त्याची पत्नी आहे, आणि मेघांवर स्वार होणारा बआल हा पावसाचा, गडगडाटाचा तरणा देव आहे. शास्त्रात बआलाला शिव्या भरपूर मिळतात, पण त्याची बाजू कुठेच नाही. ती या पाट्यांत आहे. पुढे स्तोत्र ६८ आणि १०४ वाचाल तेव्हा मेघांचा रथ परमेश्वराकडे गेलेला दिसेल. हरलेल्या देवाच्या पदव्या जिंकलेल्याने घेतल्या.

मिसर : इथे इंटरनेटपासून सांभाळा

निर्गम १२:१२ मध्ये परमेश्वर म्हणतो की मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, सगळ्या देवांचा मी न्याय करीन. गणना ३३:४ मध्ये तेच पुन्हा येतं. एवढ्या आधारावर लोकांनी दहा पीडांची तक्ती बनवली आहेत : नाईल रक्त झाली म्हणजे हापी हरला, बेडूक आले म्हणजे हेकेत हरली, अंधार पडला म्हणजे रा हरला. तक्ता दिसायला झकास असतो. पण निर्गमच्या मजकुरात यातल्या एकाही देवाचं नाव नाही. गोमाशा आणि गळवं यांच्यासाठी तर तक्तेवाल्यांना देव ओढूनताणूनच आणावा लागतो. नावं आपण भरायची नाहीत. लेखकाने ती गाळली, हेच बोलकं आहे. त्याच्या गोष्टीत समोर उभा आहे तो मिसरचा राजा, फारो. 'परमेश्वर कोण, की मी त्याचं ऐकावं?' असा प्रश्न पाचव्या अध्यायात तोच विचारतो. आणि खटला आहे विटा पाडणाऱ्या गुलामांचा.

१ शमुवेल ५ आणि ६ : हसायला हरकत नाही

इस्राएल लढाई हरलं आहे. कराराचा कोश, म्हणजे त्यांच्या देवाच्या सान्निध्याची पेटी, शेजारच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, पळवून त्यांच्या अश्दोद शहरात दागोनाच्या देवळात ठेवली आहे. त्या काळच्या हिशेबाने निकाल लागला : ज्याचं सैन्य हरलं त्याचा देव हरला. सकाळी पुजारी दार उघडतात तर दागोन पेटीपुढे पालथा पडलेला. त्याला उचलून पुन्हा जागेवर बसवतात. (देवाला उचलून बसवावं लागतं, हा टोमणा चुकवू नका.) दुसऱ्या दिवशी त्याचं मुंडकं आणि दोन्ही हात उंबऱ्यावर तुटून पडलेले, नुसतं धड शिल्लक. मग शहरात गाठींचा आजार पसरतो. पेटी गथला, तिथून एक्रोनला, जिथे जाईल तिथे तीच बोंब. शेवटी पलिष्टी सोन्याच्या पाच गाठी आणि सोन्याचे पाच उंदीर नुकसानभरपाई म्हणून देतात, आणि दोन दुभत्या गाई जुंपून पेटी परत पाठवतात. वासरं मागे गोठ्यात कोंडलेली, तरी गाई हंबरत सरळ इस्राएलच्या वाटेला लागतात.

दागोन अर्धा मासा होता असं कुठेतरी वाचाल. ती कल्पना बरीच उशिराची आहे. सीरिया आणि मेसोपोटेमियात तो धान्याशी जोडलेला, जुना आणि प्रतिष्ठित देव होता.

कर्मेल, आणि त्यानंतरचे तीन अध्याय

१ राजे १८ सगळ्यांना माहीत असतं आणि जवळजवळ सगळे तिथेच थांबतात. थांबू नका.

आधी मैदान समजून घ्या. तीन वर्षं पाऊस नाही. पाऊस हे बआलाचं खातं, उगारितच्या पाट्या वाचल्या असतील तर हे सांगावं लागणार नाही. म्हणजे परमेश्वराचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआलाला त्याच्याच अंगणात आव्हान देतो आहे. इस्राएलच्या अहाब राजाची राणी ईजबेल ही सीदोनची, तिच्या आश्रयाला बआलाचे ४५० आणि अशेरा देवीचे ४०० संदेष्टे. दोन बैल, दोन वेद्या, विस्तव कोणी लावायचा नाही. बआलाचे लोक दुपारपर्यंत नाचतात, अंगावर वार करून घेतात, उत्तर नाही. एलीया टोमणे मारतो : मोठ्याने ओरडा, तो विचारात गुंतला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. मग स्वतःच्या वेदीवर चार घागरी पाणी तीनदा ओतायला लावतो, तेही दुष्काळात. अग्नी उतरतो. संध्याकाळपर्यंत आभाळ भरून पाऊस येतो.

दोन गोष्टी खुणेने बाजूला काढून ठेवा. अशेराच्या ४०० संदेष्ट्यांचं पुढे काय झालं, गोष्ट सांगत नाही. आणि बआलाच्या संदेष्ट्यांना किशोन ओढ्यावर नेऊन मारलं जातं. तो रक्तपात गोड करून सांगू नका, स्वतःलाही नाही. अनुवाद ७ मध्ये कनानी लोकांचा समूळ नाश करण्याची आज्ञा आहे, ती याच जातीची. अशा जागी 'काळच तसा होता' म्हणून पुढे सरकणारे आणि 'म्हणजे सगळा ग्रंथच क्रूर' म्हणून पुस्तक मिटणारे, दोघेही वाचन अर्ध्यात सोडतात.

आता पुढे चला. अध्याय १९ मध्ये विजयी एलीया ईजबेलच्या धमकीने रानात पळतो आणि मरण मागतो. वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नसतो. कालच ज्याने अग्नीने उत्तर दिलं, तो आज अग्नीत नाही. बआल गाजवायचा ती सगळी शस्त्रं इथे खाली ठेवलेली दिसतात.

आणि अध्याय २१. माझ्या मते हाच खरा निकाल. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा आहे. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन विकणार नाही. अहाब रुसून, भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही. ईजबेल राजाच्या शिक्क्याने पत्रं धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, गावपंचायत भरते, नाबोथाला दगडांनी मारलं जातं. सगळं कागदोपत्री चोख. एलीया मळ्यात राजाला गाठून विचारतो : खून केलास आणि वर कब्जाही घेतलास? घराण्याच्या सर्वनाशाचा शाप अहाबावर पडतो तो इथे. त्याच्या मूर्तींचाही उल्लेख अध्यायात आहे, पण खटला उभा राहतो तो एका शेतकऱ्याच्या जमिनीवरून. स्तोत्र ८२ मधल्या देवांनी जे केलं नाही म्हणून त्यांना शिक्षा झाली, तेच हे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एलीया अगदीच परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा 'एलियाहू हनाबी' तो हाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या स्वर्गीय रथाच्या घोड्यांचे टापे उमटले आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावाने मलिदा होतो : गोड पोहे, खोबरं, फळं आणि प्रार्थना. कोकणाने रथात बसून स्वर्गी गेलेला, संकटात धावून येणारा एलीया जवळ केला. कर्मेलवरचा उग्र एलीया मागे राहिला.

शेजाऱ्याची साक्ष काढा

आतापर्यंत एकाच बाजूचं ऐकलं. आता मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख वाचा. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे तो उजेडात आला, पुढच्या वर्षी फोडला गेला, आणि सांधलेले तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. काळ ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाचा, म्हणजे अहाबाच्या घराण्याचाच. मेशा म्हणतो : मवाबचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलचा राजा, अहाबाचा बाप अम्री, याने मवाबला पुष्कळ दिवस गांजलं. मग कमोश प्रसन्न झाला, त्याच्या आज्ञेने मी नबो गाव घेतलं, तिथल्या सगळ्यांना मारून देवाला वाहून टाकलं, आणि परमेश्वराची पात्रं कमोशापुढे ओढत आणली.

कमोशाच्या जागी परमेश्वर घाला, हा शास्ते किंवा राजे या पुस्तकांतला परिच्छेद वाटेल. 'वाहून टाकलं' यासाठीचं क्रियापदही दोन्हीकडे एकाच धातूचं आहे. पराभव म्हणजे आपल्याच देवाचा कोप, हा हिशेब सगळ्या शेजाऱ्यांचा सारखाच होता. लगेच २ राजे ३ उघडा. तोच मेशा, तटावर स्वतःच्या थोरल्या मुलाचा बळी देतो, इस्राएलवर 'मोठा कोप' होतो आणि सैन्य माघारी जातं. कोप कोणाचा? लेखक सांगत नाही. भाष्यकार आजवर त्यावर भांडत आहेत.

फरक कुठे पडतो ते पाहायला आमोस १ आणि २ वाचा. संदेष्टा एकेका शेजाऱ्याला पुकारतो : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. मवाबचा गुन्हा काय? त्याने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलचा काडीचा संबंध नाही. मवाबने अदोमचं केलेलं वाकडं, आणि त्याचा जाब विचारतो तिसऱ्याच राष्ट्राचा देव. वतनाच्या सीमा इथे पुसल्या गेल्या. ऐकणारे खूश होऊन माना डोलवत असतील तोवर आमोस यहूदावर, म्हणजे दक्षिणेच्या भाऊबंद राज्यावर, येतो आणि मग खुद्द इस्राएलवर : तुम्ही गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकता. सगळ्यांत लांब आरोपपत्र त्यांचंच.

घरातला प्रतिस्पर्धी

बआल बाहेरून आला, ईजबेलने आणला, असं राजे या पुस्तकाला आपल्याला पटवायचं आहे. जमिनीखालचा पुरावा इतका सरळ नाही. सिनायच्या ईशान्येला कुंतिल्लेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात मोठे रांजण सापडले. त्यांच्यावर, ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमाराला, कोणीतरी आशीर्वाद लिहिला आहे : शोमरोनच्या (इस्राएलच्या राजधानीच्या) याव्हेच्या आणि त्याच्या अशेराच्या नावाने. अशेरा म्हणजे देवी की तिचा लाकडी खांब, यावर वाद आहे. पण ती याव्हेच्या शेजारीच होती, वैरी म्हणून समोर नव्हती. २ राजे २३ मध्ये योशीया राजा अशेरा बाहेर काढून जाळतो, ती कुठून? यरुशलेमच्या मंदिरातूनच.

प्रतिपक्षाचा आवाज शास्त्रात क्वचितच टिकला आहे. यिर्मया ४४ मध्ये तो टिकला. यरुशलेम पडलं आहे, उरलेले लोक मिसरला पळाले आहेत. यिर्मया सांगतो, तुम्ही इतर देवांना धूप जाळलात म्हणून हे झालं. बायका उलट उत्तर देतात : आम्ही स्वर्गाच्या राणीला धूप जाळत होतो तोवर पोटभर खायला होतं. ते बंद केलं तेव्हापासून उपासमार आणि तलवार. आणि आम्ही तिच्यासाठी पोळ्या करत होतो त्या काय नवऱ्यांना न विचारता? एकाच संकटाचे दोन हिशेब, दोन्ही आतून चोख. हा अध्याय दोनदा वाचा, दुसऱ्यांदा बायकांच्या बाजूने.

यशया ४१ ते ४६ : कोर्ट बदलतं

ख्रिस्तपूर्व ५८७-५८६ मध्ये बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेमचं मंदिर पाडलं. यशयाचे हे अध्याय बंदिवासातल्या लोकांसाठी आहेत, आणि 'माझ्यावाचून दुसरा देव नाही' हे इतक्या ठासून इथेच ऐकू येतं. पुन्हा दावा, पुन्हा साक्षीदार. पण स्तोत्र ८२ मध्ये देव आरोपी म्हणून हजर तरी होते, इथे त्यांना पुकारलं तर कोणी उभंच राहत नाही. अध्याय ४६ मध्ये बेल आणि नबो या बाबेलच्या देवांना जनावरांच्या पाठीवर लादून नेलं जातंय. ४४ मध्ये सुतार एकाच लाकडाच्या अर्ध्यावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो.

हे फर्मास व्यंग आहे. त्याला बाबेलच्या पूजेचं वर्णन समजू नका. तिथे मूर्तीचा 'मुख धुण्याचा' विधी असे. कारागिरांचे हात लाकडी तलवारीने छाटल्याचं नाटक होई आणि ते शपथ घेत की ही मूर्ती आम्ही घडवली नाही, देवाने घडवली. प्राणप्रतिष्ठा माहीत असलेल्या वाचकाला यशया मुद्दाम काय दृष्टिआड करतोय ते चटकन दिसेल. आजची मूर्तिपूजेची भांडणं मात्र इथे आणू नका, समोरचा मजकूर वाचायचा राहून जातो.

४५ व्या अध्यायात पारसाचा (पर्शियाचा) राजा कोरेश, म्हणजे सायरस, याला परमेश्वराचा 'अभिषिक्त' म्हटलं आहे. बाबेलमध्ये १८७९ साली सापडलेला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला कोरेशाचा मातीचा लेख शेजारी ठेवा. त्यात ख्रिस्तपूर्व ५३९ च्या त्याच विजयाचं श्रेय बाबेलच्या मार्दूक देवाला आहे, मार्दूकानेच कोरेशाला हाताला धरून आणलं. राजा एक, निवडणारे देव दोन.

इथून पुढे

दानीएल १० मध्ये राष्ट्रांचे देव 'अधिपती' होऊन परततात, ते चाळलं तरी पुरे. वेळ द्यायचा तो ईयोबाला. पहिल्या दोन अध्यायांत तीच स्वर्गातली सभा भरते. सैतान तिथे प्रतिस्पर्धी देव नाही, सभेतला फिर्यादी आहे, आणि परवानगीशिवाय त्याला काही करता येत नाही. बरेच जण हे दोन अध्याय वाचून थेट शेवटच्या, ४२ व्या अध्यायावर उडी मारतात. तसं करू नका. मधल्या अध्यायांत ईयोब राखेत बसून खुद्द न्यायाधीशावर दावा लावतो, मित्र न्यायाधीशाची वकिली करतात, आणि शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. नववा, तेरावा, एकोणिसावा आणि एकतिसावा अध्याय आधी वाचा, मग मित्रांची भाषणं.